प्रोटीन घालवणारी औषधं आणि ‘आणखी काय गेलं?’ हा प्रश्न

औषध कसं काम करतं असं कोणी विचारलं तर बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं, शरीरात कुठलंतरी प्रोटीन नको तो उद्योग करतंय आणि औषध जाऊन त्याच्या खाचेत बसतं आणि त्याला गप्प करतं. ॲस्पिरिनपासून कॅन्सरच्या नवनव्या गोळ्यांपर्यंत बरीचशी औषधं अशीच चालतात, एमएस्सीला मी हेच शिकले आणि पुढे नवी मुंबईत महापेला एका कंपनीत सिंथेसिसमध्ये, म्हणजे कंपाउंड्स बनवायच्या कामाला लागले तेव्हा कितीतरी वर्षं अशीच अडवणारी कंपाउंड्स बनवली. सध्या ज्या प्रोजेक्टवर आहे तिथे गणितच वेगळंय. तिथे पेशीच्याच हातून त्या प्रोटीनचा निकाल लावून घ्यायचा असतो, प्रोटीन शिल्लकच ठेवायचं नसतं. याला टार्गेटेड प्रोटीन डिग्रेडेशन म्हणतात आणि यातल्या सगळ्यात गाजलेल्या मॉलिक्युल्सना प्रोटॅक. ट्रान्स-हार्बर लोकलच्या डब्यातल्या मैत्रिणींना, घरच्यांना, मावशीला तुकड्यातुकड्यात सांगून झालंय, आता एकदा नीट बसून लिहिते.

आधी हे लक्षात घ्या की प्रोटीन घालवणं हा काही औषध कंपन्यांचा शोध नाही. पेशी हे दिवसरात्र करत असते, जुनी झालेली, चुकीची घडी पडलेली, काम संपलेली प्रोटीन्स मोडून त्यांची अमिनो ॲसिड्स परत वापरते. कुठलं मोडायचं हे कळावं म्हणून त्याच्यावर युबिक्विटिन नावाचं छोटंसं प्रोटीन चिकटवलं जातं, अवघं ७६ अमिनो ॲसिडचं, आणि एक नाही तर एकाला एक जोडून त्याची साखळीच लावतात. ते चिकटवायचं काम तीन एन्झाइम्स मिळून करतात, ई-१ युबिक्विटिनला तयार करतं, ई-२ ते हातात घेतं आणि ई-३ लायगेज ठरवतं की ते नक्की कोणाच्या अंगावर लावायचं. माणसात ई-१ फक्त दोन, ई-२ चाळीसच्या आसपास आणि ई-३ मात्र सहाशेच्या वर, यावरूनच कळतं की निवडीची सगळी जबाबदारी कोणाकडे आहे. साखळी लागलेलं प्रोटीन प्रोटिअसोम नावाच्या मोठ्या पिंपासारख्या यंत्रात ओढलं जातं आणि बाहेर येतात ते बारीक तुकडे. हे सगळं उलगडल्याबद्दल ॲरन चिखानोव्हर, ॲव्हरॅम हर्श्को आणि आयर्विन रोझ यांना २००४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

ठाण्यात राहणाऱ्याला हे पटकन कळेल असं उदाहरण आहे. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. तोडणारं पथक स्वतः काही ठरवत नाही, पाहणी करून नोटीस लावतो तो अधिकारी ठरवतो. पेशीत नोटीस म्हणजे युबिक्विटिन, पथक म्हणजे प्रोटिअसोम आणि अधिकारी म्हणजे ई-३. प्रोटॅक काय करतं, तर त्या अधिकाऱ्याचा हात धरून त्याला एका ठरावीक इमारतीच्या दारात आणून उभं करतं, जिच्याकडे तो आपणहून कधी फिरकला नसता. नोटीस तोच लावतो, पाडतं पथकच, आणि प्रोटॅक मोकळं होऊन त्याच अधिकाऱ्याला पुढच्या दारात घेऊन जातं.

म्हणून हे मॉलिक्युल कायमेरिक, म्हणजे दोन वेगळ्या औषधांचे तुकडे एकत्र जोडलेले. एका टोकाला आपल्याला नको असलेल्या प्रोटीनला धरणारा भाग, दुसऱ्या टोकाला ई-३ ला धरणारा भाग आणि मधे दोघांना जोडणारी साखळी, म्हणजे लिंकर. कागदावर काढायला पाच मिनिटं लागतात.

निसर्गात हा डाव आधीपासून आहे बरं का. गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा एचपीव्ही व्हायरस अगदी हेच करतो, त्याचं ई-६ नावाचं प्रोटीन (नाव सारखं वाटलं तरी हे ई-१, ई-२, ई-३ च्या रांगेतलं नाही) आपल्याच पेशीतल्या एका लायगेजला पकडतं आणि पी-५३ ला, म्हणजे जे प्रोटीन पेशीला कॅन्सरकडे जाऊ देत नाही त्यालाच, मोडायला लावतं. झाडांमधलं ऑक्सिन हार्मोनही असंच, ते लायगेज आणि दुसऱ्या प्रोटीनच्या मधल्या फटीत बसून दोघांना चिकटवतं आणि ते दुसरं प्रोटीन मोडलं जातं. व्हायरसला जमतं, झाडाला जमतं, आपल्याला ठरवून जमायला मात्र २००१ उजाडलं. त्या वर्षी येलचे क्रेग क्रूज आणि कॅलटेकचे रे डेशेज यांच्या टीमने पहिलं प्रोटॅक दाखवलं, तेही बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात, आणि त्याचं एक टोक पेप्टाइडचं, म्हणजे अमिनो ॲसिडच्या छोट्या साखळीचं होतं त्यामुळे औषध म्हणून त्याचा काही उपयोग नव्हता. कल्पना खरी ठरली एवढंच, पण ते ‘एवढंच’ फार मोठं होतं. २००८ मधे पूर्ण छोट्या मॉलिक्युल्सचं पहिलं प्रोटॅक आलं, २०१२ च्या सुमारास व्हीएचएल या ई-३ ला धरणारे चांगले तुकडे मिळाले, २०१५ मधे एकापाठोपाठ एक इतके पेपर आले की आमच्यासारख्या कंपन्यांना अचानक लिंकरच्या ऑर्डरी यायला लागल्या, आणि २०१९ मधे पहिलं प्रोटॅक माणसांमधल्या ट्रायलमधे गेलं.

आता यात एवढं विशेष काय. साधं अडवणारं औषध जितका वेळ खाचेत बसलंय तितकाच वेळ काम करतं, त्यामुळे रक्तात त्याचं प्रमाण बहुतेकदा सतत चढं ठेवावं लागतं आणि त्या प्रोटीनला खाच असायला तरी लागते. कितीतरी महत्त्वाच्या प्रोटीन्सना अशी खाचच नसते, किंवा त्यांचं काम खाचेत होतच नाही, ती नुसती उभी राहून बाकीच्यांना एकत्र धरून ठेवतात. ब्लड कॅन्सरमधलं बीटीके नावाचं एन्झाइम घ्या, ते अडवायला उत्तम गोळ्या आहेत पण काही पेशंटमधे बीटीके असं बदलतं की त्याचं एन्झाइम म्हणून काम जवळपास बंद पडलेलं असतं तरी कॅन्सरचा सिग्नल चालूच राहतो, कारण ते नुसतं तिथे असणंच पुरतं. अशा ठिकाणी अडवून काय मिळणार, तिथे ते प्रोटीन जायलाच हवं, आणि बीटीके घालवणारी मॉलिक्युल्स आज अशाच पेशंट्समधे तपासली जातायत. शिवाय प्रोटॅकला प्रोटीन घट्ट धरून ठेवायची गरज नाही, नोटीस लागेपर्यंत धरलं तरी पुष्कळ, आणि एकच मॉलिक्युल अनेक प्रोटीन्सचा निकाल लावू शकतं, त्यामुळे थोड्या औषधात काम भागतं. आणि औषध निघून गेलं तरी पेशी ते प्रोटीन नव्याने बनवेपर्यंत परिणाम टिकतो.

आता माझ्या टेबलवर काय चालतं ते सांगते, कारण बाहेर याबद्दल जे लिहिलं जातं त्यात हा भाग कधीच नसतो. ई-३ कडच्या टोकाला आम्ही बहुतेकदा थॅलिडोमाइडच्या कुटुंबातला तुकडा लावतो, त्याच्याबद्दल पुढे सांगते. फ्लुओरो थॅलिडोमाइड आणि अमाइनवालं लिंकर डीएमएसओ या सॉल्व्हंटमधे घेऊन बेस टाकून नव्वद डिग्रीला ठेवलं की फ्लास्क गडद पिवळा व्हायला लागतो, कंपाउंड्स वेगवेगळी करून दाखवणारी टीएलसीची प्लेट लांब वेव्हलेंथच्या यूव्हीखाली धरली की आपला स्पॉट हिरवट पिवळा चमकतो, मला अजूनही दर वेळी ते बघून बरं वाटतं. त्याऐवजी डीएमएफ हे सॉल्व्हंट वापरलं तर तापल्यावर त्यातून डायमिथाइल अमाइन सुटतं आणि आपल्या लिंकरच्या आधी तेच जाऊन बसतं, तोही स्पॉट पिवळाच, म्हणून नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं लागतं की रंगावर जाऊ नका, मास, म्हणजे मॉलिक्युलचं वजन बघा. या तुकड्यातली ग्लुटारिमाइडची रिंग बेससमोर फार नाजूक, पाणी आणि बेस एकत्र मिळाले की उघडलीच, त्यामुळे पुढच्या टोकाचा एस्टर तोडायला नेहमीचं लिथियम हायड्रॉक्साइड वापरता येत नाही, टर्शरी ब्युटाइल एस्टर घेऊन ॲसिडने काढावा लागतो. मग दुसरं टोक जोडायचं, आणि तिथून पुढे सगळं चिकट. पेग, म्हणजे मधेमधे ऑक्सिजन असलेल्या साखळीच्या लिंकरवाली कंपाउंड्स शुद्ध करायच्या कॉलममधे शेपटी सोडत उतरतात, रोटावर, म्हणजे सॉल्व्हंट उडवायच्या यंत्रावर सुकवली की काचेला फेस धरून बसतात, स्फटिक म्हणून काही होत नाहीत, रचना तपासायच्या एनएमआरच्या आलेखात साडेतीन पीपीएमच्या पुढे सगळ्या पीक्सची एवढी गर्दी की इंटिग्रेशन करताना डोकं धरायची वेळ येते. शेवटी शुद्ध करायला प्रेप एचपीएलसी आणि गोठवून सुकवायला लायोफिलायझर, आणि हातात येते ती काही मिलिग्रॅम पिवळी पूड.

त्यात लिंकरची लांबी. एक कार्बन कमी, एक ऑक्सिजन जास्त, आणि काल मस्त चालणारं मॉलिक्युल आज काहीच करत नाही. सुरुवातीला मला हे फार अन्यायाचं वाटायचं, दोन्ही टोकं आपापल्या प्रोटीनला व्यवस्थित धरतायत मग अडतंय कुठे. पण नुसतं धरून भागत नाही, ती दोन प्रोटीन्स, जी एरवी एकमेकांच्या वाटेलाही जात नाहीत, ती समोरासमोर नीट बसायला हवीत आणि प्रोटीनमधल्या ज्या लायसीन या अमिनो ॲसिडवर युबिक्विटिन लागणार ते ई-२ च्या आवाक्यात यायला हवं. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या आलेस्सियो चुल्ली यांच्या टीमने २०१७ मधे प्रोटीन, प्रोटॅक आणि ई-३ या तिघांचं एकत्र क्रिस्टल स्ट्रक्चर, म्हणजे अणू कुठे बसलेत त्याचं चित्र छापलं, एमझेड-१ नावाचं प्रोटॅक मधे, एका बाजूला व्हीएचएल, दुसऱ्या बाजूला बीआरडी-४ या प्रोटीनचा तुकडा, आणि त्यात दिसलं की ती दोन प्रोटीन्स एकमेकांनाही स्पर्श करतायत. यातून एक गोष्ट निघाली जी मला या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. एमझेड-१ चं जे टोक आहे ते बीआरडी-२, ३ आणि ४ या तिन्ही भावंडांना साधारण सारखंच धरतं, तरी पेशीत आधी जातं ते बीआरडी-४, कारण व्हीएचएलशी त्याचंच सगळ्यात चांगलं जमतं. म्हणजे कुणाला धरलं आणि कोण गेलं या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. चांगल्या बाजूने वेगळ्या, तशाच वाईट बाजूनेही, आणि या पोस्टमधे मला जे सांगायचंय ते इथूनच सुरू होतं.

आमच्या बायोलॉजीच्या टीमकडे पूड गेली की ते वेस्टर्न ब्लॉट करतात, म्हणजे पेशीत ते प्रोटीन किती उरलंय हे काळ्या पट्ट्यांवरून दाखवणारी चाचणी. डोस वाढवत नेला की आपल्या प्रोटीनचा काळा बँड फिकट होत होत दिसेनासा होतो, आणि आणखी वाढवला की परत दिसायला लागतो. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं सॅम्पल उलटसुलट झाले. झालेलं असं असतं की प्रोटॅक एवढं जास्त झालंय की प्रत्येक प्रोटीनला एक वेगळं आणि प्रत्येक ई-३ ला एक वेगळं चिकटून बसलंय, दोघांना एकत्र आणणारं कोणी उरलंच नाही. याला हूक इफेक्ट म्हणतात, आणि डोस वाढवला की परिणाम वाढतो ही आपली सवय इथे बाजूला ठेवावी लागते. बँड गेला म्हणजे सगळं खरं असंही नाही. मी प्रत्येक चांगल्या कंपाउंडबरोबर त्याचं एक जुळं बनवते, सगळं तसंच, फक्त ग्लुटारिमाइडच्या नायट्रोजनवर एक मिथाइल. त्या एका मिथाइलमुळे ते ई-३ ला धरू शकत नाही. जुळ्याने बँड जायला नको, आणि प्रोटिअसोम बंद पाडणारं एमजी-१३२ आधी दिलं तर खऱ्या कंपाउंडनेही जायला नको. हे दोन्ही झालं तरच म्हणायचं की प्रोटीन आपण म्हणतोय त्या वाटेने गेलं. ते जुळं बनवायला नवीन लोक कंटाळतात, ‘कशाला मॅडम, काम न करणारं कंपाउंड’, पण मी त्याच्याशिवाय डेटा पुढे पाठवत नाही.

आता थॅलिडोमाइड. माझी मावशी पाचपाखाडीला राहते, तिला मायलोमा आहे, हाडांच्या मगजातला कॅन्सर, आणि ती लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल घेते, २१ दिवस घ्यायची आणि ७ दिवस सुट्टी. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की गरोदर बायकांनी घ्यायचं नाही. गेल्या महिन्यात गेले होते तेव्हा तिच्या औषधांचा डबा भरत वहिनी बसली होती, तिला सहावा महिना. मी तिच्या हातातनं डबा काढून घेतला, आणि सांगितलं की ही कॅप्सूल तू हाताळायची नाहीस, चुकून फुटली तर अजिबातच नाही, दादाला करू दे. मावशी घाबरली. म्हणाली, “अगं, बाळाला एवढी वाईट असलेली गोळी मला कशी चालते?” मी म्हटलं, “मावशी, बाळाला ज्या वाटेने त्रास होतो ना, त्याच वाटेने तुझा कॅन्सर दबतो.” ती म्हणाली मग नीट सांग, आणि मी नीट सांगत बसले, तेच इथे लिहितेय.

थॅलिडोमाइड १९५७ मधे पश्चिम जर्मनीत झोपेची आणि बायकांच्या मळमळीची सुरक्षित गोळी म्हणून बाजारात आलं आणि १९६१ च्या शेवटी मागे घेतलं गेलं, तोवर जगभर दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांची वाढ खुंटलेली, कानाडोळ्यांत, हृदयात दोष असलेली जन्माला आली होती, आणि कितीतरी जगलीच नाहीत. अमेरिकेत ते त्या वेळी विकायला आलं नाही कारण औषधांना मान्यता देणाऱ्या तिथल्या एफडीएच्या फ्रान्सिस केल्सी पुरावा अपुरा आहे म्हणून अडून बसल्या. पुढे १९६० च्याच दशकात जेरुसलेममधल्या याकोव्ह शेस्किन यांना कुष्ठरोगातल्या एका वेदनादायक गाठींच्या त्रासावर याचा गुण दिसला, आणि १९९९ मधे सीमा सिंघल, बार्ट बार्लोगी वगैरेंनी मायलोमाच्या पेशंट्सना याचा फायदा होतो असं दाखवलं. त्यातूनच लेनालिडोमाइड आणि पोमालिडोमाइड ही पुढची औषधं आली. एवढं सगळं होऊनही हे नक्की करतं काय हे कोणालाच माहीत नव्हतं. पन्नास वर्षं. २०१० मधे टोकियोच्या हिरोशी हांडा यांच्या टीमने थॅलिडोमाइड बारीक चुंबकीय मण्यांना चिकटवून पेशींच्या अर्कातून फिरवलं आणि त्याला जे प्रोटीन लागून आलं ते सेरेब्लॉन, एका ई-३ लायगेजचा भाग. आणि २०१४ मधे ‘सायन्स’ या जर्नलमधे शेजारीशेजारी दोन पेपर आले, बेंजामिन एबर्ट आणि विल्यम केलिन यांच्या लॅबचे, की लेनालिडोमाइड सेरेब्लॉनच्या पृष्ठभागावर बसतं आणि त्याचा आकार असा बदलतं की इकॅरॉस आणि आयोलॉस ही दोन प्रोटीन्स तिथे येऊन चिकटतात आणि मोडली जातात. मायलोमाच्या पेशी या दोघांशिवाय जगू शकत नाहीत. मावशीचं औषध हे असं चालतं, लिंकर नाही, दोन टोकं नाहीत, एकच छोटं मॉलिक्युल गोंदासारखं, आणि लोक ते डिग्रेडर आहे हे कळायच्या आधीच वर्षानुवर्षं घेत होते.

आणि बाळांचं काय झालं याचं उत्तर मिळायला २०१८ उजाडलं. तीच वाट, तेच सेरेब्लॉन, पण तिथे थॅलिडोमाइडमुळे आणखी एक प्रोटीन जात होतं, सॅल-४, जे गर्भात हातपाय घडवायला लागतं. ज्या मुलांमधे जन्मतःच सॅल-४ च्या जीनमधे दोष असतो त्यांच्या हातांची व्यंगं थॅलिडोमाइडच्या मुलांसारखीच दिसतात, एवढं ते जुळलं. उंदरांवर हे का दिसत नाही तेही कळलं, माणसाच्या सेरेब्लॉनमधे ३८८ व्या जागी व्हॅलीन असतं, उंदरात त्या जागी आयसोल्युसीन, एका मिथिलीनचा फरक, आणि तेवढ्याने चिकटणं बिघडतं. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा काही सुचेना. मी रोज लॅबमधे जी रिंग जोडते तीच ही रिंग.

म्हणून माझं म्हणणं असं की या औषधांबद्दल ‘प्रोटीन किती टक्के गेलं’ हा प्रश्न अर्धा आहे, त्याच्या जोडीला ‘आणखी काय काय गेलं’ हे विचारल्याशिवाय एकही कंपाउंड पुढे जाऊ नये. हे विचारायची साधनं आता आहेत. मास स्पेक्ट्रोमेट्रीने एका पेशीसमूहातली हजारो प्रोटीन्स एकाच वेळी मोजता येतात, कंपाउंड द्यायच्या आधी आणि नंतर, आणि कुठली खाली गेली ते दिसतं. थॅलिडोमाइडचा तुकडा प्रोटॅकच्या टोकाला लावला म्हणून त्याची जुनी सवय जात नाही, त्याचं आपलं वेगळं चिकटवणं चालू राहू शकतं, आणि लिंकर त्या रिंगवर कुठल्या जागी जोडला याने ते कमीजास्त होतं. त्यामुळे आम्ही एकच प्रोटॅक दोनतीन वेगळ्या जागांवरून जोडून बनवतो. काम तिप्पट होतं, क्लायंटला खर्च पटवावा लागतो, पण मला यात तडजोड मान्य नाही आणि मीटिंगमधे मी ते स्पष्ट सांगते.

मावशीच्या उपचारातली अजून एक गोष्ट बघा, सुरुवातीला तिला लेनालिडोमाइडबरोबर बोर्टेझोमिबची इंजेक्शनं होती. २००३ मधे अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध प्रोटिअसोमच अडवतं, म्हणजे एक औषध मोडणारं यंत्र वापरतं आणि दुसरं तेच यंत्र बंद पाडतं, आणि तरी दोन्ही मिळून मायलोमावर चांगला गुण येतो. बोर्टेझोमिबचं अडवणं पूर्ण नसतं आणि कायमचंही नसतं, दोन-तीन दिवसांत यंत्र परत चालायला लागतं. पेशी आपल्या आकृत्यांपेक्षा खूप गुंतागुंतीची आहे हे मला यातून फार नीट कळतं.

खऱ्या प्रोटॅकमधलं सगळ्यात पुढे गेलेलं म्हणजे वेपडेजेस्ट्रंट, ब्रेस्ट कॅन्सरमधला इस्ट्रोजेन रिसेप्टर घालवणारं, तोंडाने घ्यायचं. लेनालिडोमाइडचं वजन २५९ डाल्टन आणि याचं ७२४ च्या आसपास, एवढं अवजड मॉलिक्युल गोळी म्हणून पोटातून रक्तात जातं हेच आम्हाला कॉलेजात शिकवलेल्या नियमात बसत नाही. २०२५ मधे त्याच्या फेज-३ चे निकाल आले, ज्या बायकांच्या ट्यूमरमधे ईएसआर-१ या, म्हणजे त्या रिसेप्टरच्याच जीनमधे म्युटेशन होतं त्यांच्यात आजार न वाढता गेलेला काळ ५ महिने, आणि जुनं फुलव्हेस्ट्रंट इंजेक्शन घेणाऱ्यांत २.१ महिने. सगळ्या पेशंट्सचा एकत्र हिशोब केला तर मात्र ठळक फरक पडला नाही. काही जणांना हे निराशाजनक वाटलं. मला तसं वाटत नाही, ज्यांच्यात प्रोटीन बदलून हट्टाला पेटलेलं असतं त्यांच्यातच फायदा दिसणं हे या पद्धतीच्या तर्काला धरून आहे, आणि कमरेत घ्यायच्या इंजेक्शनऐवजी घरी गोळी, हे खारघरला ॲक्ट्रेक या कॅन्सर हॉस्पिटलच्या ओपीडीला लांबून लांबून येणाऱ्या बायकांकडे बघितलं की किती मोठं आहे ते कळतं.

बाकी कुटुंब वाढतंच आहे. लिंकर वगैरे न वापरता थेट ई-३ एन्झाइमचाच तुकडा छोट्या अँटिबॉडीला जोडून पेशीत बनवायचा, हे २०१२ मधेच फळमाशीत करून झालंय, औषध म्हणून पेशीत पोचवणं अवघड पण कुठलं प्रोटीन गेलं तर काय होतं हे तपासायला फार कामाचं. पेशीच्या बाहेरच्या आणि पडद्यावरच्या बऱ्याच प्रोटीन्सना प्रोटिअसोमकडे नेता येत नाही, त्यांच्यासाठी कॅरोलिन बर्टोझी यांच्या लॅबने २०२० मधे लायटॅक काढलं, ते त्यांना लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या मोडतोडीच्या दुसऱ्या ठिकाणाकडे ढकलतं. यांवर वेगळं लिहायला हवं, मला त्यातला हातचा अनुभव नाही.

मला जिथे सगळ्यात जास्त आशा वाटते ते सांगून थांबते. सहाशेच्या वर ई-३ असताना आजवरची बहुतेक प्रोटॅक्स दोघांवरच चालतात, सेरेब्लॉन आणि व्हीएचएल, कारण धरायला चांगले तुकडे याच दोघांचे आहेत. आता हे बघा, बीसीएल-एक्सएल नावाचं प्रोटीन काही कॅन्सर पेशींना मरू देत नाही, ते अडवणारं नॅव्हिटोक्लॅक्स हे औषध बनलं होतं पण आपल्या प्लेटलेट्सही त्याच प्रोटीनवर जगतात, त्यामुळे औषध दिलं की प्लेटलेट्स धडाधड खाली. फ्लोरिडा विद्यापीठातल्या लोकांनी त्याच प्रोटीनवर व्हीएचएल धरणारं प्रोटॅक बनवलं, डीटी-२२१६, आणि ते २०१९ मधे छापून आलं. प्लेटलेट्समधे व्हीएचएल अगदीच कमी असतं, त्यामुळे तिथे प्रोटॅक पोचलं तरी नोटीस लावणारा कोणी नाही, आणि बीसीएल-एक्सएल तिथे राहतं, कॅन्सर पेशीत जातं. प्राण्यांमधे ट्यूमर आटोक्यात आले आणि प्लेटलेट्स बऱ्याच वाचल्या, पुढे ते माणसांमधल्या ट्रायललाही गेलं. कुठलं ई-३ मेंदूत नाही, कुठलं फक्त ट्यूमरमधे जास्त आहे, कुठलं गर्भात चालू असतं, याची माहिती जमा होतेय, आणि त्यातल्या एकेकाला धरणारा तुकडा शोधणं हे काम माझ्यासारख्या केमिस्टचं आहे. आमच्याकडे सोमवारपासून अशाच एका नव्या ई-३ साठीची पहिली पन्नासेक कंपाउंड्स सुरू होतायत, लिंकर नाही, नुसती टोकं, आणि मी टीम लीडला आधीच सांगून ठेवलंय की प्रत्येक हिटबरोबर, म्हणजे ई-३ ला धरणाऱ्या प्रत्येक कंपाउंडबरोबर त्याचं जुळंही बनवायचं.